लेझरनं कोरलेली पाटी कुठे काळी, कुठे फिकी का येते?

दारावरच्या पाटीची ऑर्डर असते. लाकूड आणलेलं असतं, आडनाव टाइप केलेलं असतं, स्क्रीनवर सगळं नीटनेटकं दिसत असतं. मशीन सुरू होतं, थोडा धूर निघतो आणि वीस-पंचवीस मिनिटांनी पाटी हातात येते. पण एक अक्षर गडद, दुसरं फिकं. कडांना काळी किनार. शिरोरेषेत मध्येच कोरी फट. जळलेल्या लाकडाला 'अनडू'चं बटण नसतं. लाकडाचे पैसे गेले, वेळ गेला आणि पाटी द्यायची तारीख मात्र तीच.

अशा वेळी बहुतेकांचा हात सगळ्यात आधी पॉवरच्या आकड्याकडे जातो. फिकं आलंय ना, मग पॉवर वाढवू. इथेच गडबड होते. पॉवरचा आकडा पूर्ण डिझाइनला सारखाच लागू असतो. त्यामुळे एकाच कामात एक भाग गडद आणि दुसरा फिका का आला, याचं उत्तर त्या एका आकड्यात सहसा नसतं. पॉवर वाढवली तर फिका भाग सुधारेल, पण आधीच गडद असलेल्या भागाचा कोळसा होईल.

मग उत्तर कुठे असतं? डागाच्या आकारात. असमानपणा कसा दिसतो आणि कशाबरोबर जागा बदलतो, हे नीट पाहिलं तर कारण बऱ्यापैकी लवकर सापडतं.

'फिल' म्हणजे मशीन नेमकं काय करतं?

लेझर कटरसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या लाइटबर्न या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक लेयरला एक मोड द्यावा लागतो. 'लाइन' मोडमध्ये लेझर आकाराच्या बाह्यरेषेवरून फिरतो. 'फिल'मध्ये तो बंद आकाराच्या आतला भाग भरून काढतो. पण रंगाच्या डब्यातून रंग ओतावा तसा नाही. शेतात नांगर चालावा तसा. हेड डावीकडून उजवीकडे जातं, किंचित पुढे सरकतं, उजवीकडून डावीकडे येतं, पुन्हा सरकतं. अशा शेकडो बारीक तासांचा मिळून एक गडद भाग दिसतो.

'ऑफसेट फिल' हा तिसरा मोड नवख्यांकडून चुकून निवडला जातो. त्यात लेझर बाहेरच्या कडेला समांतर फिरत फिरत आत जातो. प्रत्येक कोपऱ्यावर हेडला वेग कमी करावा लागतो, त्यामुळे कोपरे गडद होतात आणि मधोमध एक ठिपका किंवा रेघ उमटते. डिझाइनमध्ये कोपऱ्यांपासून मध्यापर्यंत तिरप्या रेषा दिसत असतील तर आधी मोड तपासावा. पुढचं काहीच करायची गरज पडणार नाही.

चार चौकोनांची चाचणी

टाकाऊ तुकड्यावर ३० मिलिमीटरचा साधा चौकोन 'फिल' करायचा. मग तोच चौकोन स्कॅन अँगल ० ऐवजी ९० अंश ठेवून, म्हणजे आडव्याऐवजी उभ्या रेघांनी. तिसरा चौकोन बेडच्या दुसऱ्या कोपऱ्यात. चौथा, लाकूड काटकोनात फिरवून. बाकी सगळे आकडे चारही वेळा तेच ठेवायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

आता चारही तुकडे शेजारी ठेवून पाहायचं. रेघांची दिशा बदलल्यावर दोषानंही दिशा बदलली, तर गडबड हेडच्या हालचालीत किंवा फिलच्या सेटिंगमध्ये आहे. बेडच्या एका कोपऱ्यात चौकोन छान आणि दुसऱ्या कोपऱ्यात फिका आला, तर फोकस, बेडची पातळी किंवा आरसे बघावे लागतील. लाकूड फिरवल्यावर डागही फिरला, तर दोष लाकडाचा. आणि चारही चौकोन स्वच्छ आले पण मूळ डिझाइन मात्र खराबच येतंय, तर मशीनला हात लावू नये. फाइल उघडावी.

दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. पण यानंतरचे कित्येक तास वाचतात, कारण वरच्या चार गटांवरचे उपाय एकमेकांच्या अजिबात कामाचे नाहीत.

कडा काळ्या, मधला भाग फिका

सगळ्यात जास्त दिसणारा दोष हाच. कारण सोपं आहे. एसटी थांब्यावर थांबण्याआधी वेग कमी करते आणि निघाल्यावर हळूहळू वेग घेते. लेझरचं हेडही ओळीच्या टोकाला तेच करतं. वेग कमी झाला की किरण त्याच जागी जास्त वेळ राहतो आणि तेवढा भाग जास्त जळतो.

हा भाग किती रुंद असेल, याचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. वेगाचा वर्ग भागिले त्वरणाची दुप्पट. समजा हेडचा वेग सेकंदाला १०० मिलिमीटर आहे, म्हणजे मिनिटाला ६,०००, आणि त्वरण सेकंद वर्गाला १,००० मिलिमीटर. तर पूर्ण वेग घ्यायला त्याला ५ मिलिमीटर लागतात. दोन्ही टोकं धरली तर १० मिलिमीटर रुंदीच्या अक्षरात हेड पूर्ण वेगानं कुठेच चालत नाही! वेग निम्मा केला तर हेच अंतर सव्वा मिलिमीटरवर येतं. निम्म्या वेगाला एक चतुर्थांश अंतर. म्हणूनच 'स्पीड कमी करून बघ' हा वर्कशॉपमधला सल्ला अनेकदा लागू पडतो. मात्र वेग कमी केला की पॉवरही त्या प्रमाणात उतरवावी लागते.

याचा खरा उपाय 'ओव्हरस्कॅनिंग'. हे चालू केलं की हेड आकाराच्या कडेच्या थोडं आधीपासून, किरण बंद ठेवून, वेग घेत येतं आणि कड ओलांडून गेल्यावर थांबतं. जळण्याचं काम फक्त पूर्ण वेगात होतं. लाइटबर्नमध्ये हा आकडा टक्क्यांत भरायचा असतो. प्रीव्ह्यूमध्ये हेडची रिकामी हालचाल दाखवणारा पर्याय चालू केला, तर कडेबाहेर गेलेल्या रेघा डोळ्यांनी दिसतात. वरच्या हिशेबातून आलेल्या अंतरापेक्षा त्या आखूड असतील तर टक्के वाढवावेत. डिझाइन बेडच्या अगदी काठावर ठेवलेलं असेल तर या जादा अंतराला जागाच उरत नाही आणि सॉफ्टवेअर काम हद्दीबाहेर जात असल्याचा इशारा देतं. तेव्हा ओव्हरस्कॅनिंग बंद करण्याचा मोह होतो. त्यापेक्षा डिझाइन आत सरकवावं.

रुइडासारखे कंट्रोलर असलेल्या मोठ्या मशीनमध्ये हे जादा अंतर कंट्रोलर स्वतःच देतो. तिथे हा पर्याय शोधत बसायला नको.

छोट्या डायोड मशीनमध्ये आणखी एक गोष्ट तपासायची. यातल्या बऱ्याच मशीन जीआरबीएल या फर्मवेअरवर चालतात. त्याच्या १.१ आवृत्तीपासून 'लेझर मोड' आला. डॉलरचं चिन्ह आणि ३२ अशा क्रमांकाच्या सेटिंगची किंमत १ असेल तर तो चालू असतो. तो चालू असताना लाइटबर्ननं पाठवलेल्या 'एम ४' आज्ञेमुळे हेडचा वेग कमी झाला की पॉवरही आपोआप कमी होते. पण लेयरच्या सेटिंगमध्ये 'कॉन्स्टंट पॉवर मोड' चालू राहिला असेल, तर 'एम ३' ही आज्ञा जाते. हेड हळू झालं तरी पॉवर तेवढीच राहते आणि कडा करपतात. एवढं एक बटण बंद करून अनेकांच्या पाट्या सुधारतात.

तीच यादी बघत असताना ३० क्रमांकाचा आकडाही पाहून घ्यावा. तो आणि लाइटबर्नमधला 'एस-व्हॅल्यू मॅक्स' एकच हवेत. सॉफ्टवेअरमध्ये १,००० आणि मशीनमध्ये २५५ असेल, तर साधारण २५ टक्क्यांपुढची कुठलीही पॉवर मशीनला १०० टक्केच वाटते. मग ४० ठेवा की ८०, काळेपणात फरक पडत नाही आणि माणूस चक्रावून जातो.

कडा करवतीसारख्या का येतात?

काही वेळा भरण ठीक असतं, पण उभ्या कडा दातेरी दिसतात. एक ओळ थोडी डावीकडे, पुढची थोडी उजवीकडे. इथे 'बाय-डायरेक्शनल फिल' तात्पुरता बंद करून बघावा. मग लेझर एकाच दिशेनं जाताना जाळतो. दाते गायब झाले, तर जाताना आणि येतानाच्या ओळी जुळत नाहीयेत एवढं नक्की झालं. असंच काम चालू ठेवता येतं, पण वेळ जवळपास दुप्पट लागतो.

याची दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे सैल बेल्ट किंवा पुलीचा ढिला स्क्रू. दुसरं म्हणजे हुकूम मिळाल्यापासून किरण प्रत्यक्ष पेटेपर्यंत जाणारा वेळ. दोन्हीतला फरक ओळखायची युक्ती अशी: तोच चौकोन सेकंदाला ५०, १०० आणि १५० मिलिमीटर वेगानं कोरायचा. दाते सगळीकडे सारखेच असतील तर यांत्रिक ढिलाई. वेगाबरोबर वाढत असतील तर पेटण्यातला उशीर.

बेल्टचा उपाय पाना. उशिराचा उपाय सॉफ्टवेअरमधला 'स्कॅनिंग ऑफसेट' तक्ता. दोन विरुद्ध दिशांच्या ओळींच्या टोकांमधलं अंतर मोजायचं आणि त्याचं निम्मं त्या वेगासमोर लिहायचं. १०० च्या वेगाला अंतर ०.२ मिलिमीटर आलं तर तक्त्यात ०.१. पूर्ण अंतर लिहिलं की दाते उलट्या बाजूला तेवढेच येतात, ही नेहमीची चूक. आणि बेल्ट सैल असताना हा तक्ता भरणं म्हणजे चाकातली हवा गेलेली असताना हँडल सरळ करत बसणं.

पट्टे, रेघा आणि दर ४० मिलिमीटरला येणारी सावली

दोन ओळींमधल्या अंतराला लाइटबर्नमध्ये 'लाइन इंटर्व्हल' म्हणतात. ०.१ मिलिमीटर म्हणजे इंचाला २५४ ओळी. किरणाचा ठिपका यापेक्षा बारीक असेल तर ओळींमध्ये न जळलेलं लाकूड उरतं आणि भरण कंगव्यानं ओरखडल्यासारखं दिसतं. ठिपका जाड असेल तर प्रत्येक जागा दोन-तीनदा जळते. आपल्या मशीनचा ठिपका किती हे अंदाजानं ठरवण्यापेक्षा सॉफ्टवेअरमधली 'इंटर्व्हल टेस्ट' एकदा कोरून घ्यावी. अनेक डायोड लेझरचा ठिपका गोल नसून लांबट असतो. त्यामुळे ० आणि ९० अंशांच्या चौकोनांत काळेपणाचा फरक पडला तर दचकायचं कारण नाही, एक दिशा ठरवून त्याच दिशेनं काम करावं.

यात एक खाचखळगा आहे, जो फार कमी जणांच्या लक्षात येतो. मशीनची मोटर सलग फिरत नाही, पावलापावलानं फिरते. बऱ्याच छोट्या मशीनमध्ये एका मिलिमीटरला ८० पावलं असतात, म्हणजे एक पाऊल ०.०१२५ मिलिमीटरचं. ०.१ च्या इंटर्व्हलला बरोबर ८ पावलं बसतात. ०.०९ ठेवलं तर ७.२ येतात. पाव पाऊल टाकता येत नाही, म्हणून मशीन कधी ७ टाकतं, कधी ८. ओळी कधी जवळ, कधी लांब पडतात आणि ठरावीक अंतरानं फिकट-गडद झाक येते. आपल्या मशीनचा पावलांचा आकडा बघून त्याला पूर्ण भाग जाईल असा इंटर्व्हल निवडला की ही झाक जाते.

पट्टे अगदी ठरावीक अंतरानं येत असतील तर पट्टी घेऊन ते अंतर मोजावं. २० दात्यांची आणि २ मिलिमीटर अंतराच्या दात्यांचा बेल्ट असलेली पुली एका फेरीत ४० मिलिमीटर पुढे नेते. दर ४० मिलिमीटरला पट्टा येत असेल, तर ती पुली एका बाजूला कललेली आहे किंवा तिच्यात कचरा अडकलाय.

शिरोरेषेत फट कशी पडते?

हा दोष मराठी पाट्यांमध्ये फार दिसतो, आणि तो पूर्णपणे फाइलमधला आहे. 'फिल' मोडचा नियम असा: आकार भरायचा, त्याच्या आत दुसरा आकार असेल तर तो सोडायचा, त्याच्याही आत आणखी असेल तर पुन्हा भरायचा. 'ठ'च्या पोटातली पोकळी याच नियमामुळे कोरी राहते. पण दोन आकार एकमेकांवर थोडे चढलेले असतील, तर तो सामाईक तुकडाही सॉफ्टवेअरला 'आतला' वाटतो आणि कोरा राहतो.

रोमन अक्षरं सहसा सुटी असतात. देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असते, म्हणून तर ती अखंड दिसते. वेलांटी, मात्रा, रफार हेही अक्षरावर येऊन बसतात. युनिकोड येण्याआधीच्या पद्धतीचे डीटीपी फॉण्ट वापरले तर अक्षराचा काना वेगळा आणि मुख्य भाग वेगळा असतो, त्यामुळे सांधे आणखी वाढतात. मजकूर बाह्यरेषेत बदलला की हा प्रत्येक सांधा म्हणजे एक संभाव्य फट. स्क्रीनवर डिझाइन बाह्यरेषांमध्ये दिसत असल्यानं ती लक्षातही येत नाही.

उपाय एका क्लिकचा आहे: 'वेल्ड'. मजकुराच्या पट्टीवर तो पर्याय असतो, आणि बाहेरून आणलेल्या आकारांसाठी टूल्सच्या मेनूत. वेल्ड केल्यावर सगळे चढलेले तुकडे मिळून एकच आकार होतो. त्यानंतर मजकुरातलं शुद्धलेखन बदलता येईल का, हे ज्याच्या-त्याच्या फाइलवर अवलंबून. आकारात बदललेल्या मजकुराचं वेल्ड परत सुटत नाही, म्हणून ऱ्हस्व-दीर्घ आधी तपासून मूळ फाइल वेगळी सेव्ह करावी.

याच नियमातून एक चमत्कारिक प्रकार होतो. कॉपी-पेस्ट करताना एकाच आकाराच्या दोन प्रती बरोबर एकमेकांवर बसल्या आणि लेयर एकच असेल, तर दोन्ही एकमेकींना खोडतात आणि ते अक्षर अजिबात कोरलंच जात नाही. प्रती वेगवेगळ्या लेयरवर असतील तर उलट, तो भाग दोनदा जळतो. 'डिलीट डुप्लिकेट्स' चालवलं की एकाच लेयरवरच्या जादा प्रती निघून जातात. आणि आकाराची रेषा कुठेतरी तुटलेली असेल तर तो 'उघडा' आकार फिलमध्ये वगळला जातो. सॉफ्टवेअर तसा इशारा देतं, पण घाईत लोक 'ओके' दाबून पुढे जातात.

कोरायला सुरुवात करण्याआधी प्रीव्ह्यू उघडून पूर्ण काळेपणा डोळ्यांखालून घालावा. फाइलमधले हे सगळे दोष तिथे स्पष्ट दिसतात, तेही लाकूड न जाळता.

एका कोपऱ्यात फिकं, बाकी ठीक

असं असेल तर हेडपासून लाकडापर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांत मोजावं. एखादा ठोकळा ठेवून पाहिलं तरी चालतं. फोकस सुटला की ठिपका पसरतो आणि तीच पॉवर जास्त जागेवर विखुरते. पातळ प्लायवूड वाकलेलं असतं आणि कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात ते ओल पिऊन आणखी वाकतं. चुंबकांनी किंवा पिनांनी ते सपाट दाबून धरावं.

सीओटू मशीनमध्ये आरशांचा विषय येतो. ट्यूब सहसा मागच्या बाजूला असते आणि किरण तीन आरशांवरून हेडपर्यंत येतो. ट्यूबपासून सगळ्यात लांबचा कोपरा बहुतेक वेळा समोर उजवीकडचा. तिथेच फिकं येत असेल तर आरसे जुळवायची वेळ झाली. सुरुवात गडद आणि शेवट फिका होत जात असेल तर लेन्सवरची काजळी किंवा थंड करणाऱ्या पाण्याचं तापमान बघावं. शिवाय या ट्यूब साधारण १० टक्क्यांखालच्या पॉवरला धड पेटत नाहीत. हलकं कोरण्यासाठी पॉवर फार उतरवली की तुटक-तुटक भरण येतं. तिथे पॉवर वाढवून वेग वाढवणं जास्त बरं.

लाकूडच तसं असेल तर?

तर सेटिंग बदलून फार काही हाती लागत नाही. लाकडाच्या वलयांमधला मऊ भाग खोल जळतो, कठीण भाग कमी. प्लायवूडच्या थराखाली डिंकाचा जाड डाग असेल तर तिथे लेझर अडतो. एमडीएफ त्या मानानं एकसारखा येतो, म्हणून सेटिंग ठरवण्याच्या चाचण्या त्यावर कराव्यात. मोठ्या भरीव भागासाठी 'क्रॉस-हॅच' चालू केलं, म्हणजे आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही ओळी मारल्या, तर लाकडाचा असमानपणा थोडा झाकला जातो. वेळ दुप्पट लागतो. ॲक्रिलिकमध्ये ओतीव शीट कोरल्यावर पांढरी, धुरकट उठून दिसते. एक्स्ट्रूडेड शीटवर तेच काम बरंचसं पारदर्शक राहतं. दुकानात विचारूनच घ्यावी, दिसायला दोन्ही सारख्याच असतात.

पीव्हीसी मात्र चाचणीसाठीही मशीनखाली ठेवू नये. जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो. तो फुप्फुसांना घातक आहे आणि मशीनचे लोखंडी भागही गंजवतो. चौकोन कोरत असताना जवळ वाकून बघण्याची सवय सगळ्यांनाच लागते, म्हणून चष्मा आपल्या लेझरच्या तरंगलांबीचाच हवा. निळ्या डायोडची साधारण ४५० नॅनोमीटर, सीओटूची १०,६००. एकाचा चष्मा दुसऱ्याला चालेल असं धरून चालू नये. चष्म्यावर छापलेले आकडे वाचून मगच झाकण उघडावं.